बाटली हातातल्या पिशवीत

क्रूझ जहाजावर चढताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला घरून वाईनची एक बाटली आणता येते. निदान मी ज्या जहाजांवर काम केलं तिथं तरी हा नियम होता. बाटली ७५० मिलीची, सीलबंद, आणि आणायची ती पहिल्याच दिवशी. मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची, विचारलं की दाखवायची. व्हिस्की, रम, व्होडका, बीअर, काही चालत नाही. केबिनमध्ये बसून आपली वाईन आपण प्यायली तर पैसे पडत नाहीत. डायनिंग हॉलमध्ये टेबलावर उघडून हवी असेल तर बाटलीमागे १५ डॉलर. त्याला कॉर्केज म्हणतात. लोकांनी घरून आणलेल्या या बाटल्या उघडून वाढणं हे माझं अनेक वर्षं काम होतं.

मी तेलगावचा. बीड जिल्हा, धारूर तालुका. माजलगाव, धारूर, परळी आणि वडवणीचे रस्ते जिथं एकत्र येतात तो आमचा चौक, आणि गावाची ओळख म्हणजे साखर कारखाना. सुंदरराव सोळंके १९७८ ते ८० या काळात राज्याचे उपमुख्यमंत्री होते. कारखाना आज त्यांच्याच नावानं आहे. दिवाळीच्या आसपास मोळी गव्हाणीत पडली की पुढचे चार-पाच महिने गावावर मळीचा वास असतो. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, रात्रभर टेपवर गाणी चालू असतात. त्या रांगेच्या कडेनं मी शाळेत गेलो.

बारावीनंतर औरंगाबादला हॉटेल मॅनेजमेंट केलं. मग मुंबईला सेफ्टी ट्रेनिंग, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, मेडिकल, अमेरिकेचा व्हिसा, एजंटच्या ऑफिसच्या चकरा. जहाजावर नोकरी लागली म्हटल्यावर चौकात प्रत्येकानं विचारलं, ‘नेव्हीत का?’ नेव्ही नाही, प्रवासी जहाज आहे, वर हॉटेल असतं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘तू काय करणार तिथं?’ सुरुवातीला मी बारमध्ये ग्लास धूत होतो. पुढं वाढायला लागलो, परीक्षा दिल्या आणि वाईनच्या टेबलांवर आलो. घरी मात्र बरीच वर्षं ‘जेवण वाढतो’ एवढंच सांगत राहिलो. माझे वडील, अण्णा, माळकरी आहेत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढीची वारी ते चुकवत नाहीत.

फ्लोरिडातल्या बंदरांत शनिवार-रविवारी सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारपर्यंत नवे चढतात. दोन-तीन हजार माणसं आणि त्यांच्या बॅगा काही तासांत आत घ्यायच्या असतात. त्या गर्दीत बाटल्यांच्या टेबलावर आमच्यापैकी एखाद्याला उभं करायचे, कारण सुरक्षा कर्मचाऱ्याला कधीकधी वाईन कोणती आणि दुसरं काही कोणतं हे विचारायचं असायचं. पोर्टसारखी वाईन साध्या वाईनपेक्षा बरीच कडक असते, तिचं काय करायचं, असे प्रश्न. स्कॅनरच्या पडद्यावर द्रव पदार्थ नारिंगी दिसतो. बाटलीची मान, खांदे, बुडाचा खळगा सगळं स्वच्छ कळतं. म्हणून लोक बाटलीच टाळतात. माउथवॉशच्या बाटलीत हिरवा रंग घातलेली व्होडका, उन्हात लावायच्या क्रीमच्या ट्यूबमध्ये रम, कपड्यांच्या घडीत चपटी प्लास्टिकची पिशवी, हे सगळं मी पाहिलं आहे. सापडलं की चिठ्ठी लावून खोलीत ठेवतात आणि शेवटच्या संध्याकाळी परत देतात. काही ठिकाणी सरळ ओतून टाकतात. बंदरावर उतरून विकत घेतलेली बाटलीही अशीच शिडीपाशी जमा होते.

कंपनीचं गणित यात उघड आहे. जहाजाचं तिकीट अनेकदा स्वस्त असतं, कमाई आत होते, आणि त्यात दारूचा वाटा मोठा. दुकानात जी बाटली १५ डॉलरला मिळते ती जहाजाच्या कार्डावर तिपटीच्या आसपास असते. दुसरं कारण सुरक्षेचं. कोण किती प्यायलं हे वाढणाऱ्याला कळलं पाहिजे. केबिनमध्ये एकट्यानं अख्खी व्होडका संपवलेला माणूस रात्री कठड्यापाशी जातो तेव्हा ते कुणालाच माहीत नसतं. दोन्ही कारणं मला पटलेली आहेत. तरी वाईनला सूट का, यावर मी पुष्कळ विचार केला. लग्नाचा वाढदिवस, निवृत्ती, आईचं पंचाहत्तरावं वर्ष, असं काही साजरं करायला माणूस जहाजावर येतो आणि त्या दिवसासाठी एक बाटली राखून ठेवलेली असते. ती अडवली तर तो दुखावतो. ही बाटली उघड असते. पिशवीतून काढून टेबलावर ठेवताना त्या माणसाला कुठं बघावं हा प्रश्न पडत नाही. माउथवॉशवाला मात्र सगळीकडे बघतो, फक्त आपल्याकडे बघत नाही.

हा फरक मला तेलगावातच माहीत झाला होता. आमच्याकडे दारूनं बसलेली घरं मी नावानिशी सांगू शकतो, सांगणार नाही. त्या घरांत बाटली कधी ताटाशेजारी आली नाही. ती गोठ्यात, कडब्याच्या गंजीत, मोटारसायकलच्या डिकीत असायची, आणि बायकोला ती शोधून फोडावी लागायची. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल घरी पोचायच्या आधीच निम्मी तिच्यात गेलेली असायची. दारूबद्दल अण्णांचा राग तिथून आलेला आहे आणि त्या रागाशी मी कधी वाद घातला नाही.

डायनिंग हॉलमध्ये घरची बाटली आली की आधी ती मी दोन्ही हातांत घेऊन लेबल वाचायचो, साल मोठ्यानं सांगायचो. मग विचारायचो, ‘आज काय आहे?’ काही नसतं असं फार कमी वेळा झालं. एकदा पासष्टीच्या घरातलं एक जोडपं लाल वाईनची जुनी बाटली घेऊन आलं. त्यांच्या लग्नाच्या सालातली होती. जुन्या लाल वाईनच्या तळाशी गाळ बसतो. जहाजाचं इंजिन चोवीस तास थरथरत असतं, त्यात वादळी समुद्र लागला तर गाळ सगळ्या बाटलीत पसरतो आणि वाईन कडवट, गढूळ लागते. मी त्यांच्याकडून ती आदल्या दिवशीच मागून घेतली आणि जहाजाच्या मधल्या भागात, जिथं डोलणं सगळ्यात कमी, तिथल्या कपाटात उभी करून ठेवली. जुनं बूच स्क्रूनं ओढलं तर तुटतं. त्यासाठी दोन पातळ पात्यांचा चिमटा असतो. पाती बुचाच्या दोन बाजूंनी आत सरकवायची, मग हळूहळू पिळत वर आणायचं. बूच अखंड निघालं, पण नाकाशी धरताच कळलं की आत वाईन उरलेली नाही, शिरका झाला आहे. चव घेऊन खात्री केली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘खरं सांगा.’ मी खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘थोडी ओता, आम्ही इतकी वर्षं जपली आहे.’ मी दोघांना दोन-दोन घोट ओतले. त्यांनी ते घेतले, तोंड वाकडं न करता. कॉर्केज लावायचं की नाही हे मी वरच्या माणसाला विचारलं आणि त्यानं नको म्हटलं. रिकामी बाटली मी धुऊन, पुसून त्यांच्या केबिनमध्ये पोचवली.

सगळ्यात जास्त मला आठवते ती निफाडची बाटली. अमेरिकेत मुलीकडे आलेलं एक मराठी जोडपं होतं, मुलगी, जावई, नातवंडं बरोबर. बाईंच्या अंगावर पैठणी होती, म्हणून मी मराठीतच विचारलं, ‘काकू, कुठल्या तुम्ही?’ त्या इतक्या दचकल्या की हातातला काटा खाली ठेवला.

‘निफाडकडच्या. आणि तुम्ही?’

‘बीड जिल्हा. तेलगाव.’

‘अगं बाई,’ त्या म्हणाल्या, ‘आमच्या रानवडच्या कारखान्याला बीडच्याच टोळ्या यायच्या. आमच्या मळ्याशेजारी कोप्या असायच्या त्यांच्या. ज्वारीची पोती घरून आणायच्या बाया. मी म्हणायचे, अगं इथली बाजरी घ्या, देते मी. तर म्हणायच्या, बाई, ज्वारी आपल्या रानातलीच लागते.’

मी हे लहानपणापासून पाहत होतो. दसरा झाला की गावोगावचे लोक ऊस तोडायला टोळीनं बाहेर पडतात, कुणी नगर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोती, चूल, गोधड्या, तिखटाचा डबा, एखादी शेळी, कोंबड्या आणि सगळ्यात वर लेकरं. परगावच्या दुकानात महाग पडतं हे एक कारण. दुसरं कारण काकूंना त्या बायांनी सांगितलंच होतं. जहाजावर बाटली घेऊन येणाऱ्या माणसाकडेही हीच दोन कारणं असतात, आणि मला ती समजावून सांगावी लागली नाहीत.

काकूंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली. नाशिकच्या एका वायनरीची शिराझ. ‘माझ्या भावाची द्राक्षं आहेत यात,’ त्या म्हणाल्या. लेबलावर भावाचं नाव नव्हतं. वायनरीचं होतं, तसंच ते असतं. पण त्यांनी बोट ठेवून साल दाखवलं आणि त्या वर्षी गारपीट कशी बागेला वळसा घालून गेली ते सांगितलं.

भाऊ आधी खायची द्राक्षं करायचे, थॉमसन. २००१ साली राज्य सरकारनं वाईन उद्योगासाठी धोरण आणलं, करात सवलती दिल्या, तेव्हा नाशिक भागात अनेकांनी वाईनची द्राक्षं लावली. वायनरी करार करायची, दर ठरायचा. २००९-१० च्या सुमाराला धंदा बसला, काही वायनऱ्यांना माल उचलता येईना, पैसे थकले. पुष्कळांनी बागा काढून टाकल्या. ‘भावानं पण निम्मी काढली,’ काका म्हणाले, ‘एवढी शिराझ ठेवली. म्हणाला, हिच्यावर जीव आहे.’ एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग फेब्रुवारीत तोडणी. युरोपात वर्षाला एक छाटणी होते आणि तोडणी उन्हाळा संपता संपता. आपल्याकडे वेल थंडीत पिकतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. छाटणीच्या कात्रीनं हाताला पडलेल्या घट्ट्यांबद्दल मात्र पहिल्यांदा ऐकलं, तेही भर समुद्रात.

मी विचारलं, ‘तोडणीला ब्रिक्स किती ठेवतात?’

काका हसले. ‘तुम्हाला ब्रिक्स माहीत?’

माहीत नसायला काय झालं! अण्णा कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होते. हंगामाच्या आधी पक्वता पाहायला ते फडात जायचे तेव्हा सुट्टीच्या दिवशी मला सायकलवर बसवून न्यायचे. उसाच्या कांडीला टोचणी मारायची, रसाचा थेंब नळीच्या काचेवर घ्यायचा, झाकण दाबायचं आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोघांमधली रेघ ज्या आकड्यावर असेल तो ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण. आधी बुडख्याचा घ्यायचा, मग शेंड्याकडचा. दोन्ही आकडे जवळजवळ आले की ऊस पक्व झाला. बुडख्याला वीस आणि शेंड्याला बारा असेल तर अण्णा शेतकऱ्याला सांगायचे, ‘थांबा अजून, घाई करू नका.’ शेतकरी तोडीसाठी अडून बसलेला असायचा, तरी सांगायचे. ही नळी पुढं वाईनच्या पहिल्याच वर्गात शिक्षकानं खिशातून काढली, तेव्हा आख्ख्या वर्गात ती डोळ्याला लावता येणारा मी एकटा होतो.

निफाडचे काका म्हणाले, ‘तेवीस-चोवीस. त्याच्या खाली तोडत नाहीत.’ मनातल्या मनात हिशेब केला: चोवीस ब्रिक्सच्या रसातली साखर यीस्टनं खाल्ली की साधारण तेरा टक्के अल्कोहोल होतं. लेबलावर जवळपास तेवढंच होतं. उसाचा रस आंबवला तर तोही असाच चढेल, पण त्याला कुणी बाटलीत घालून भावाची आठवण म्हणून जपत नाही. आमच्या भागात साखर काढून उरलेल्या मळीचं स्पिरिट होतं.

बाटली उघडली. तपासण्यापुरता घोट मला घ्यावा लागतो, तो घेतला. शिराझला काळ्या मिऱ्याचा वास असतो, तो होता, आणि त्यामागं पिकल्या जांभळासारखं काहीतरी. चांगली वाईन होती. उन्हाळलेली होती थोडी, तिथली उष्णता त्यात होती, पण चांगली होती. काकूंना मी तेच सांगितलं, एक शब्द जास्त न लावता. त्यांनी स्वतः फक्त ओठ लावला, सवय नव्हती. जावयानं, मुलीनं, काकांनी घेतली. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांना काकूंनी माझ्याकरवी एक-एक ग्लास पाठवला आणि सांगायला लावलं की ही आमच्या भावाच्या शेतातली आहे. मी जाऊन सांगितलं. कॉर्केजचे १५ डॉलर बिलात लावावे लागतात, ते लावले. काकांनी ते विनातक्रार दिले.

२०२२ च्या जानेवारीत मी सुट्टीवर गावी होतो. २७ तारखेला राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून चौकातल्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय राहिला नाही. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव येईल, असं एक बाजू म्हणायची. किराण्याच्या पिशवीतून दारू घरात येईल, असं दुसरी. अण्णा दुसऱ्या बाजूला होते. टीका वाढली आणि तो निर्णय पुढं अमलात आला नाही. त्या दिवसांत एका संध्याकाळी जेवताना अण्णांनीच विचारलं, ‘तू जेवण वाढतो म्हणतोस, ते नुसतं जेवणच का?’

आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी सांगितलं, ‘वाईन वाढतो, अण्णा.’

‘पेतोस?’

‘चव घ्यावी लागते. घेऊन थुंकून टाकतो. गिऱ्हाइकाला चांगली का वाईट ते सांगायचं असतं.’ हे खरं होतं. चव घेताना थुंकायचं भांडं ठेवलेलंच असतं, आणि ड्यूटीवरच्या माणसाची फुंकून तपासणी कधीही होते. त्यात सापडला तर नोकरी जाते.

अण्णा बराच वेळ जेवत राहिले. मी निफाडच्या काकूंची गोष्ट सांगायला घेतली, बीडच्या टोळ्यांची, ज्वारीच्या पोत्यांची, भावाच्या बागेची. ब्रिक्सपाशी आलो तेव्हा त्यांनी मान वर केली.

‘चोवीस? द्राक्षाला?’

‘हो.’

‘आन् शेंड्याचा-बुडख्याचा फरक कसा काढतात?’

मी सांगितलं की घडाच्या वरच्या खांद्याचे आणि खालच्या टोकाचे, सावलीतले आणि उन्हातले, असे वेगवेगळे मणी घेऊन रस एकत्र करतात. त्यांना ते पटलं नाही. एकत्र केलं तर कच्चा भाग लपतो, वेगवेगळं मोजायला पाहिजे, असं म्हणाले. नंतर मी एका द्राक्षवाल्याला विचारलं तेव्हा तोही म्हणाला की नीट पाहणारे वेगळंच मोजतात. वाईनबद्दल अण्णांचं मत बदललेलं नाही आणि बदलावं अशी माझीही अपेक्षा नाही. पण माझं काम आता ते कुणी विचारलं तर नावानं सांगतात.

आता क्रूझ आपल्याकडेही आली आहे. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’ मुंबईहून सुटू लागली. माजलगाव-अंबाजोगाईचे शिक्षक, डॉक्टर, कारखान्यातले निवृत्त लोक गटानं जातात आणि जाण्याआधी मला फोन करतात. पहिला प्रश्न केबिनचा आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, बाटलीचा. मी त्यांना सांगतो की आवाज खाली करायचं कारण नाही. नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि मी काम केलं त्या जहाजांचा नियम मुंबईच्या जहाजाला लागू होईलच असं नाही. तिकिटाबरोबर जो कागद येतो त्यात बाहेरच्या पेयांबद्दल लिहिलेलं असतं, तो वाचा, कळलं नाही तर मला फोटो पाठवा. बाहेरची बाटली चालत नाही असं लिहिलं असेल तर नेऊ नका, माउथवॉशचे उद्योग तर मुळीच नकोत. परदेशी जहाजावर जाणार असाल आणि चालत असेल तर विमानात ती मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. हातातल्या बॅगेत विमानवाले नेऊ देत नाहीत. अमेरिकेत एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला एक लिटरपर्यंत करमाफ असते, पण आणली आहे हे कस्टम्सला सांगायचं. बंदरावर पोचलात की मात्र तीच बाटली मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या पिशवीत घ्या आणि विचारायच्या आधी टेबलावर ठेवा. लाल आणि जुनी असेल तर केबिनमध्ये आडवी टाकू नका, एक दिवस उभी राहू द्या. आणि जेवायला बसल्यावर वाढणाऱ्या पोराला सांगा, कुणासाठी आणली आहे आणि किती जणांना द्यायची आहे, म्हणजे तो तेवढे ग्लास मांडेल.